शब्द पोंचतो, सूर वाटेंत राहतो

हाताच्या तळव्यावर मावेल एवढ्या रेडिओंतून तंबोऱ्याचा खर्ज ऐकूं येतो, ही गोष्ट वस्तुतः अशक्य कोटींतील आहे. त्या चिमुकल्या यंत्राच्या पडद्याला इतका खालचा स्वर उमटविण्याचें सामर्थ्यच नसतें. टेलिफोनचेंहि तसेंच. पुरुषाच्या आवाजाचीं मूळ कंपनें सेकंदास सुमारें १०० ते १२५ असतात, आणि तारेचा साधा टेलिफोन ३०० च्या खालचें फारसें कांहीं पलीकडे पोंचवीत नाहीं. तरीहि पलीकडून काका बोलत आहेत कीं आत्या, हें पहिल्या दोन अक्षरांत कळतें. जो स्वर तारेवरून आलाच नाहीं तो ऐकणाऱ्यानें आणला कोठून?

याचें उत्तर असें कीं, व्यवहारांतला कोणताहि नाद एकेरी नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा असे उपस्वर निघत असतात, आणि कान ते सारे एकदम घेतो. जिन्याची तळची पायरी तुटून गेली असली तरी वरच्या पायऱ्यांमधील अंतर पाहून ती कोठें असावी हें सांगतां येतें. मेंदु नेमकें हेंच करतो. उपस्वरांतील सारखें अंतर पाहून तो न आलेला मूळ स्वर ताडतो, आणि ऐकणाऱ्यास वाटतें कीं, आपण तो प्रत्यक्ष ऐकला. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित् फुगीर असते, आणि तिच्यावर तारेखालीं सुताचा बारीक दोरा सारून जवारी काढतात. तो दोरा योग्य जागीं बसला म्हणजे एका तारेंतून स्वरांचा झराच लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या जागीं छेडली त्या जागेमुळें जे उपस्वर उमटूंच नयेत असें तोंवरचें शास्त्र सांगत होतें, तेहि तंबोऱ्यांत व वीणेंत ठसठशीत उमटतात, हें त्यांनीं त्यांत दाखवून दिलें.

निरोगी कानाचा मनुष्य असले संमिश्र नाद जन्मभर ऐकतो आणि त्यांच्या घडणीचा त्याला पत्ताहि नसतो. पत्ता लागतो तो ज्यांचा कान गेला आणि ज्यांनीं त्याच्या जागीं विजेची तार बसवून घेतली त्यांच्या अनुभवावरून. ह्या उपकरणाला सर्वत्र कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात, आणि जगांत तें आजवर दहा लाखांहून अधिक लोकांच्या कानीं बसलें आहे. त्यांना काय ऐकूं येतें आणि काय येत नाहीं, हें घरच्या मंडळींना ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं विनाकारण निराशा पदरीं येते.

कानाच्या आंत, कवटीच्या अतिशय कठीण हाडांत, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तीच कॉक्लिया. उलगडून मोजली तर सुमारें ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यांत द्रव आहे, एक पडदा आहे आणि त्या पडद्यावर केशपेशींच्या रांगा आहेत. हंगेरींत जन्मलेले शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनीं दाखविलें कीं, नाद आंत शिरला म्हणजे ह्या पडद्यावरून एक लाट धांवते. उंच स्वराची लाट दाराशींच फुटते, खालच्या स्वराची पार शेवटच्या वेढ्यापर्यंत जाते. ह्या कार्याबद्दल त्यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अर्थात् शंखांतील प्रत्येक जागा एकेका स्वराला वांटून दिलेली आहे. मेंदूकडे वर्दी देणाऱ्या मुख्य केशपेशी साडेतीन हजारांच्या आसपास, आणि ती वर्दी वाहून नेणारे मज्जातंतु सुमारें ३०,०००. हे तंतु नुसती जागा सांगून थांबत नाहींत. खालच्या व मधल्या स्वरांच्या कंपनांशीं पाऊल मिळवून ते ठोके देत असतात. जागेची साक्ष आणि वेळेची साक्ष, अशा दोन साक्षी जुळल्या म्हणजे मेंदु सुराचा निकाल देतो.

केशपेशी नाजूक असतात. उपजत दोषानें, मेंदूच्या आवरणाच्या सुजेनें, कांहीं तीव्र औषधांनीं, कारखान्यांतील आवाजानें किंवा केवळ वयानें त्या मरतात, आणि माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. परंतु पुष्कळदां त्यांच्या मागचे मज्जातंतु जिवंत राहतात. निरोप्या मेला, पण रस्ता शाबूत आहे, अशी ती स्थिति. त्या रस्त्यावर विजेनेंच निरोप कां पाठवूं नये?

हा विचार फार जुना आहे. विजेच्या घटाचे जनक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं आपल्या घटांच्या चळतीचीं दोन टोकें धातूच्या सळ्यांनीं स्वतःच्याच दोन्ही कानांत घालून पाहिलीं. डोक्याला हिसका बसला आणि एखादा दाट पदार्थ चुलीवर रटरटावा तसा आवाज आला, असें त्यांनीं १८०० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविलें, आणि हा प्रयोग धोक्याचा वाटल्यामुळें पुन्हां केला नाहीं, हेंहि लिहून ठेविलें. शहाणपणाचें केलें. त्यानंतर १९५७ सालीं पॅरिसमध्यें जूर्नो व एरिएस या जोडीनें एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूपाशीं विजेचा तंतु ठेवला. १९६१ सालीं लॉस एंजेलिस येथें विल्यम हाउस यांनीं तो शंखाच्या आंतच सारला. हाउस यांच्या यंत्रांत एकच वाट होती. तिच्यावरून आवाज आहे किंवा नाहीं, लांब कीं आंखूड, एवढेंच कळे. शंखाच्या निरनिराळ्या जागा निरनिराळ्या चेतवावयाच्या तर तंतूंची जुडीच वळणावळणानें आंत गेली पाहिजे, आणि नाजूक पडदा तर फाटतां कामा नये. मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते असून त्यांना ऐकूं कमी येई. दुकानांत त्यांची होणारी कुचंबणा मुलानें लहानपणापासून पाहिली होती. १९७७ सालीं समुद्रकांठीं बसले असतां क्लार्क यांनीं एका शंखांत गवताचीं पातीं सारून पाहिलीं. बुडाशीं ताठ आणि टोंकाशीं लवचिक असलेलें पातें अलगद आंत जातें, हें त्यांना दिसलें आणि अडलेलें काम सुटलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हिएन्ना येथें इंगेबोर्ग व एर्विन होखमाइर यांचें अनेक वाटांचें यंत्र एका रुग्णास बसविण्यांत आलें, आणि १ ऑगस्ट १९७८ रोजीं क्लार्क यांनीं मेलबर्नमध्यें पहिली शस्त्रक्रिया केली.

आजच्या यंत्राची रचना सांगणें कठीण नाहीं. कानामागें अडकविलेला ध्वनिग्राहक आवाज घेतो. त्याच्याजवळचा बारीकसा संगणक त्या आवाजाच्या उंच, मध्यम, खालच्या अशा पट्ट्या पाडतो. लोहचुंबकानें डोक्याला चिकटलेली चकती कातडीच्या आरपार संदेश पाठविते. आणि शंखांतील १२ ते २२ विद्युदग्रें आपापल्या पट्टीच्या चढउताराप्रमाणें तंतूंना टोंचण्या देतात. अमेरिकेंतील ब्लेक विल्सन यांनीं १९९१ सालीं सर्व अग्रें एकदम न पेटवितां रहाटगाडग्याप्रमाणें एकामागून एक पेटविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ह्या यंत्रावर बोलणें स्पष्ट कळूं लागलें. क्लार्क, इंगेबोर्ग होखमाइर आणि विल्सन यांस २०१३ चें लास्कर पारितोषिक मिळालें.

आतां हिशेब पाहावा. साडेतीन हजारांच्या जागीं बावीस. त्यांतहि शंखांतला द्रव खारट, त्यामुळें एका अग्राची वीज शेजारच्या दोन-तीन अग्रांच्या हद्दींत पसरते. पेटीची एकच पट्टी बोटानें दाबावयाची तेथें सबंध तळहात टेकावा, तसा प्रकार होतो. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत असें दिसलें कीं, पट्ट्या वाढवीत नेल्या तर निरोगी कानाच्या माणसाची समज वीस पट्ट्यांपर्यंत वाढत जाते. इम्प्लांटवाल्यांची सात-आठांपाशींच थबकते. बावीस दारें आहेत, पण आंत जाण्याजोग्या वाटा सात-आठच. आवाजाच्या लहानमोठेपणाचेंहि तेंच. निरोगी कान पानाच्या सळसळीपासून ढोलताशापर्यंत शंभरावर डेसिबलांचा पल्ला पेलतो. विजेच्या टोंचणीला जेमतेम ऐकूं येण्यापासून असह्य होण्यापर्यंत बहुधा दहा-वीस डेसिबलांचेंच अंतर असतें. सारें जग त्या चिंचोळ्या पट्टींत दाटीवाटीनें बसवावें लागतें.

इतकें दारिद्र्य असतां ही माणसें बोलणें समजतात तरी कशीं? समजतात हें मात्र निश्चित. मोठेपणीं कान गेलेल्या आणि इम्प्लांट बसवून घेतलेल्या पुष्कळ व्यक्ति शांत खोलींत, समोरच्याच्या ओठांकडे न पाहतां, वाक्येंच्या वाक्यें बरोबर सांगतात. ह्या कोड्याची किल्ली टेलिफोनच्या इतिहासांत सांपडते. बेल प्रयोगशाळेंतील होमर डडली यांनीं १९३० नंतरच्या दशकांत असें यंत्र बनविलें कीं, तें आवाजाच्या दहा पट्ट्या पाडून प्रत्येकीचा फक्त चढउतार तारेवरून पाठवी आणि पलीकडे त्यावरून बोलणें पुन्हां उभें करी. त्याचेंच भावंड असलेलें एक बोलकें यंत्र १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत तरुण स्त्रिया पेटीसारखें पट्ट्या दाबून वाजवून दाखवीत. पुढें १९९५ सालीं रॉबर्ट शॅनन व त्यांचे सहकारी यांनीं तीच गोष्ट टोंकाला नेली. बोलण्याच्या चारच पट्ट्या पाडल्या, प्रत्येकींतील खरी कंपनें फेंकून दिलीं, त्या जागीं पावसाच्या सरीसारखा निव्वळ खरखराट भरला आणि त्याला फक्त मूळचा चढउतार दिला. थोड्या सरावानंतर निरोगी कानाच्या श्रोत्यांना त्यांतील वाक्यें जवळजवळ सर्व कळलीं!

म्हणजे शब्द चढउतारावर स्वार होऊन येतो. सूर कशावर येतो? २००२ सालीं स्मिथ, डेलगट आणि ऑक्सनहॅम यांनीं नरसिंहासारखे जोडनाद तयार केले: एका नादाचा बाहेरचा चढउतार आणि दुसऱ्या नादाचीं आंतलीं सूक्ष्म कंपनें. ऐकणाऱ्यांना शब्द कळले ते चढउतार ज्याचा त्याचे. चाल ओळखूं आली ती सूक्ष्म कंपनें ज्याचीं त्याची. इतकी स्वच्छ वांटणी निसर्गानें केली असेल, हें पूर्वीं कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. आणि इम्प्लांट चढउतार पोंचवितें, सूक्ष्म कंपनें बव्हंशीं टाकून देतें. टोंचण्यांची गति वाढविली तर सूर चढल्याचा भास होतो, पण तोहि साधारणपणें सेकंदास ३०० टोंचण्यांपर्यंत. त्यापुढें बहुतेकांना फरक कळेनासा होतो.

ह्याचे परिणाम घरांत कसे दिसतात तें पाहण्यासारखें आहे. "तो आला का?" ह्या प्रश्नांतील "का" हा शब्द आहे, म्हणून तो पोंचतो. परंतु "आला?" असें केवळ चढत्या सुरानें विचारलें तर तें "आला." असेंच ऐकूं जाण्याचा संभव असतो. "मोठा शहाणा आहेस!" ह्या वाक्यांत कौतुक आहे कीं खोंच, हें शब्दांवरून मुळींच ठरत नाहीं, तें सर्वस्वीं सुरावर ठरतें. चेहरा दिसत नसेल तर इम्प्लांट वापरणाऱ्या माणसाला अशा वेळीं अंदाजच करावा लागतो, आणि अंदाज चुकला कीं घरचे म्हणतात, ह्याला थट्टा कळत नाहीं. ज्या भाषांत सुराप्रमाणें शब्दाचा अर्थच बदलतो, उदाहरणार्थ चिनी, त्यांच्या भाषिकांची अडचण तर विचारूंच नये.

गाण्यांत हा भेद सर्वांत उघडा पडतो. ताल पोंचतो, आणि बहुतेक अखंड पोंचतो. क्लार्क यांनीं आपल्या पहिल्या रुग्णाला जें वाजवून दाखविलें त्यांत तेव्हांचें राष्ट्रगीत होतें. तें सुरूं होतांच तो गृहस्थ ताठ उभा राहिला, असें क्लार्क यांनीं सांगितलें आहे. असली ओळख लयीच्या आधारानें पटूं शकते. परिचित चालींतून शब्द काढले, लय काढली आणि सारख्या लांबीचे नुसते सूर ठेवले, तर निरोगी कानाचा माणूस ती चाल सहज ओळखतो. इम्प्लांटवाल्यांतील बहुतेकांचा मात्र निव्वळ तर्क चालतो. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांत एका अर्धस्वराचें अंतर. गाणें न शिकलेल्या निरोगी माणसालाहि तें कळतें. इम्प्लांटवर कांहींना कळतें, अनेकांना कित्येक अर्धस्वरांचें अंतर पडल्यावांचून दोन सुरांत भेद वाटत नाहीं. म्हणून तबला, लेझीम, भजनांतला टाळ यांचा आनंद अशा व्यक्ति घेतात आणि आलाप सुरूं झाला कीं गप्प बसतात. त्यांना रसिकता नाहीं असें समजणें अन्यायाचें आहे. मोठेपणीं बहिऱ्या झालेल्या गानप्रेमी माणसाच्या मनांत जुनें गाणें जसेंच्या तसें वाजत असतें. कानांतून येणारें त्याच्याशीं जुळत नाहीं, हेंच त्याचें दुःख.

तिसरी अडचण गर्दीची. लग्नाच्या मांडवांत, पंगतींत, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या घरांत निरोगी कानाचा माणूस एकाचा आवाज इतरांतून निवडून काढतो. ज्याच्या उपस्वरांची पायरी निराळी तो आवाज निराळा, अशी मेंदूची निवड असते. शिवाय दुसरे बोलतां बोलतां क्षणभर थांबतात, त्या फटींतून तो हवें तें टिपतो. इम्प्लांटवर पायऱ्या पुसट झालेल्या असतात आणि फटींचा फायदा जवळजवळ मिळत नाहीं. सकाळीं खोलींत निवांत गप्पा मारणारी आजी संध्याकाळीं पाहुण्यांत वेड्यासारखी पाहूं लागते, तें ह्यामुळें. हट्टानें किंवा विसराळूपणानें नव्हे. येथें ओरडून उपयोग नाहीं. ओरडण्यानें चिंचोळा पल्ला भरून जातो आणि अक्षरें उलट एकमेकांत मिसळतात. पंखा व दूरदर्शन बंद करणें, तोंडासमोर येऊन बोलणें, एका वेळीं एकानें बोलणें, हे साधे उपाय फार गुणकारी आहेत.

यंत्र सुरूं होण्याच्या दिवसाविषयीं तर स्पष्ट बोललें पाहिजे. कानीं आवाज पडतांच हंसणाऱ्या बाळाचीं चलच्चित्रें घरोघर पाहिलीं जातात आणि लोकांचा समज होतो कीं, कळ दाबली आणि कान आला. तीं चित्रें खोटीं नाहींत. पण तीं पहिल्या मिनिटाचीं आहेत. मोठ्या माणसाला त्या दिवशीं बहुधा शिट्ट्या, किलबिल, पत्र्यावरचे आवाज ऐकूं येतात. पत्नीचा आणि मुलाचा आवाज सारखाच लागतो. पुढें आठवडे आणि महिने रोज यंत्र लावून ऐकत राहिलें म्हणजे मेंदु ह्या नव्या लिपीचा अर्थ लावूं लागतो, आणि तेच टोंचे त्याला माणसांचे आवाज वाटूं लागतात. पहिल्या पंधरवड्यांत कंटाळून ज्यांनीं यंत्र डबींत ठेविलें त्यांची शस्त्रक्रिया फुकट गेली म्हणावयाची.

जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आणि अधिक निकडीची. त्याच्याजवळ जुन्या आवाजांची आठवण नसते. मेंदूंतील श्रवणाचा मार्गच घडावयाचा असतो. हा मार्ग सुमारें साडेतीन वर्षांच्या वयापर्यंत सर्वांत सुलभ घडतो, पुढें तो दिवसेंदिवस अवघड होतो, असें संशोधन सांगतें. म्हणून जन्मानंतर लौकर तपासणी व्हावी. भारत सरकारच्या योजनेंतून अशा लहान मुलांस इम्प्लांटसाठीं साहाय्य मिळतें, आणि ह्या कामीं मुंबईची अली यावर जंग यांच्या नांवाची श्रवणवाचाविषयक राष्ट्रीय संस्था प्रमुख आहे. पण शल्यविशारदाचें काम कांहीं तासांचें. त्याहून मोठें काम आईचें, आजीचें आणि वाक्‌शिक्षिकेचें, तें वर्षानुवर्षांचें. जें घर मुलाशीं बोलणार नाहीं त्या घरांत उत्तम यंत्रहि मुकेंच राहील. आणि ज्या मुलाला यंत्र लाभलें नाहीं किंवा लागू पडलें नाहीं त्याच्यासाठीं खाणाखुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे; तिला कमीपणा मानून मुलाला कोणतीच भाषा न देणें हा अपराध होय.

एक शंका चतुर श्रोत्यांच्या मनांत केव्हांच आली असेल. दुसऱ्याच्या डोक्यांत आवाज कसा लागतो हें कोणाला काय ठाऊक? पुष्कळ वर्षें ह्याला उत्तर नव्हतें. शॅनन यांच्या खरखरीच्या नमुन्यांवरूनच लोक कल्पना करीत. अलीकडे मात्र एकच कान गेलेल्या माणसांनाहि त्या कानांत इम्प्लांट बसवितात. अशा माणसाचा दुसरा कान निरोगी असतो. अमेरिकेंतील मायकेल डॉर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या कानाला नाना तऱ्हेनें बदललेले आवाज ऐकवून विचारलें कीं, यंत्राच्या कानांत ऐकूं येतें त्यासारखें ह्यांतलें कोणतें. खरखरीचे नमुने पुष्कळांनीं नाकारले. जुळणारे आवाज बहुधा साध्या माणसाचेच निघाले, परंतु दबलेले, जाड पडद्याआडून आल्यासारखे, सुराची चढउतार सपाट झालेले.

सूर हरपतो त्याला एक अर्धामुर्धा उपाय मात्र आज हाताशीं आहे. इम्प्लांट बसविलेल्या पुष्कळांच्या दुसऱ्या कानांत खालच्या पट्टीचें थोडेंसें नैसर्गिक ऐकणें शिल्लक असतें. तेवढ्यानें एकही शब्द कळत नाहीं, म्हणून तें निरुपयोगी समजलें जाई. परंतु त्या कानाला नेहमींचें श्रवणयंत्र लावलें म्हणजे आवाजाची मूळ कंपनें तेथून आंत जातात, आणि तारेकडून शब्द व त्या कानाकडून सूर, असा दोहोंचा मेळ मेंदु घालूं शकतो. चाल अधिक ओळखूं येते आणि गोंगाटांतलें बोलणेंहि थोडें सुधारतें. तेव्हां नवें यंत्र आल्या दिवशींच जुनें कपाटांत टाकूं नये. आधीं दुसऱ्या कानाची तपासणी करून घ्यावी.